बिलावरच्या क्यूआर कोडने बँक ट्रान्सफर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी बँक ट्रान्सफरसाठीचा क्यूआर कोड छापतो आहे. कोड म्हणजे काय आणि तो स्कॅन कसा करायचा, हे सांगण्यात वाचकांचा वेळ घेत नाही. लिहायला निमित्त झाले ते असे की चौथ्या महिन्यात एके सकाळी माझे सगळे जुने कोड एकदम निकामी झाले. एका जुन्या ग्राहकाने कळवले, की स्कॅन केल्यावर लिंक बंद झाल्याची सूचना येते आणि तिच्याखाली वर्गणी भरण्याचे आवाहन असते. वर्गणी भरायची होती मी, आणि आवाहन वाचत होता माझा ग्राहक.

चूक काही अंशी माझीच होती. कोड बनवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर ‘मोफत’ हा शब्द वाचल्यावर मी पुढचे वाचण्याची तसदी घेतली नव्हती. त्या कोडमध्ये माझा खाते क्रमांक नव्हताच. त्यात होती त्या कंपनीच्या सर्व्हरकडे नेणारी एक छोटी लिंक, आणि खात्याचा तपशील तिच्या पलीकडच्या पानावर होता. अशा कोडला डायनॅमिक म्हणतात, हे मला नंतर कळले. चाचणीची मुदत संपली आणि पाठवून झालेल्या बिलांवरचे कोडही तिच्याबरोबर गेले. तक्रारीच्या तीन ईमेलना अक्षरशः एकच उत्तर आले. वर्गणीची रक्कम खरे तर फार नव्हती, पण माझाच खाते क्रमांक माझ्याच ग्राहकाला दाखवण्यासाठी तिसऱ्याला दरमहा भाडे द्यायचे, हे काही मनाला पटेना.

त्या चिडीतच मी कोडच्या आत काय असते ते शोधले. माझे ग्राहक युरोमध्ये पैसे देतात आणि तिथे युरोपियन पेमेंट्स कौन्सिल या युरोपातल्या बँकांच्या संघटनेने ठरवलेला आराखडा चालतो. तो निव्वळ ओळीखाली ओळ असा मजकूर आहे : आरंभी ‘बीसीडी’ ही तीन अक्षरे, मग आवृत्ती, अक्षरसंच आणि व्यवहाराचा प्रकार, त्यानंतर बीआयसी म्हणजे बँकेचा ओळख कोड, ७० अक्षरांपर्यंत खातेदाराचे नाव, आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, रक्कम आणि शेवटी संदर्भ, म्हणजे पैसे कोणत्या बिलाचे ते सांगणारी नोंद. हे सारे ३३१ बाइटमध्ये बसवायचे असते. (यूटीएफ-८ या अक्षरसंचात एकेक देवनागरी चिन्ह ३ बाइट खाते, त्यामुळे नाव रोमन लिपीत आहे तेच बरे.) याला सर्व्हर लागत नाही आणि मुदतही नसते. आता मी हा कोड एका मुक्त सॉफ्टवेअरने माझ्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवूनही बनवू शकतो, आणि खर्च शून्य.

इथवर माझे मत असे होते, की कोडचा फायदा म्हणजे लांबलचक क्रमांक टंकण्याचा त्रास वाचणे. ते मी आता बदलले आहे. आयबॅन ३४ अक्षरांपर्यंत लांब असू शकतो हे खरे, पण त्यात दोन तपासणी अंक असतात. संपूर्ण क्रमांकाचे अंकांत रूपांतर करून ९७ ने भागल्यावर बाकी १ उरली नाही, तर बँकेचे ॲप तो स्वीकारतच नाही. म्हणजे एखादा अंक चुकला तरी पैसे भलत्याच खात्यात जाण्याची भीती मुळातच कमी होती. भीती होती ती संदर्भाच्या रकान्याची, कारण तिथे काय लिहिले आहे हे कोणीच तपासत नाही.

या रकान्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या महिनाअखेरीचे दोन-दोन दिवस त्याने खाल्ले आहेत. कोणी तिथे नुसते ‘बिल’ लिहीत असे, कोणी स्वतःचे आडनाव, तर कोणी बिल क्रमांकातले दोन अंक उलटसुलट करून टाकत असे. एकदा दोन ग्राहकांची बिले नेमकी सारख्या रकमेची निघाली, आणि ज्याने वेळेवर पैसे भरले होते त्यालाच मी थकबाकीचे स्मरणपत्र धाडले. त्याने उत्तरादाखल पावतीचे छायाचित्र पाठवले, सोबत एक शब्दही न लिहिता.

आता मी आयएसओ ११६४९ या मानकातला संदर्भ वापरतो. तो ‘आरएफ’ने सुरू होतो, पुढे दोन तपासणी अंक येतात आणि एकूण लांबी २५ अक्षरांच्या आत असते, तपासणीही ९७ च्याच हिशेबाने होते. कोडमधून हा संदर्भ ग्राहकाच्या ॲपमध्ये उतरतो आणि माझ्या खाते उताऱ्यावर जसाच्या तसा परत येतो. उतारा आणि बिलांची यादी शेजारी ठेवली, की ताळा आपोआप जुळतो. पहिल्यांदा असा जुळला तेव्हा माझा विश्वास बसेना आणि मी तो हाताने पुन्हा तपासला. स्कॅनच्या वेगाचे कौतुक सगळेच करतात. केवळ वेगासाठी मी हा खटाटोप केला नसता.

उणिवाही आहेत. बिल मोबाइलवरच उघडले तर कोड दाखवणारा आणि स्कॅन करणारा फोन एकच होतो. काही बँकांची ॲप चित्रातून कोड वाचतात, पण सगळी नाही. दुसरे म्हणजे फोनच्या साध्या कॅमेऱ्याने हा कोड वाचला तर पडद्यावर नुसता मजकूर दिसतो, त्यामुळे आधी बँकेचे ॲप उघडावे लागते. यूपीआयच्या कोडमधला मजकूरच लिंकसारखा सुरू होत असल्याने तिथे कॅमेऱ्यातून थेट ॲपकडे जाता येते. छपाईत कोडभोवती त्यातल्या चार बारीक चौकटींइतकी कोरी जागा सोडावी लागते. कागद वाचवण्यासाठी मी ती कापली आणि दोन बिले स्कॅनच झाली नाहीत. हा दोष कोडचा नव्हे.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र खरा आहे. या कोडवर कोणाची डिजिटल सही नसते, त्यामुळे वाटेत कोणी पीडीएफमधला कोड बदलला तर डोळ्यांना काहीच कळणार नाही. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरोक्षेत्रातल्या बँकांना पैसे पाठवण्यापूर्वी नाव आणि आयबॅन जुळतात का हे तपासून सांगणे बंधनकारक झाले आहे. मी कोडमध्ये व्यवसायाचे नाव घातले होते आणि खाते माझ्या नावावर होते, म्हणून एका सावध ग्राहकाने इशारा पाहून पैसे रोखले आणि मला फोन केला. त्याचे बरोबरच होते. आता कोडमध्ये खात्यावरचेच नाव आहे, आणि खाली सगळा तपशील अक्षरांतही छापतो.

एक तक्रार उरली आहे. काही ॲपमध्ये कोडमधून आलेला संदर्भ खोडता येतो. माझा एक अतिशय सज्जन ग्राहक दर महिन्याला कोड स्कॅन करतो, तिथला ‘आरएफ’ क्रमांक काळजीपूर्वक पुसतो आणि त्या जागी ‘धन्यवाद’ लिहितो. त्याचे बिल मी अजूनही रकमेवरूनच ओळखतो.