‘क्लाउड प्रिंटिंगचं लायसन्स’ नावाची लूट

प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागला की बहुतेकजण कंपनीचं नाव आणि ‘सेटअप’ एवढंच गुगलमध्ये टाकतात. सगळ्यात वर येते ती जाहिरात. पान कंपनीचंच वाटतं: तोच लोगो, तोच रंग, मॉडेल नंबरची चौकट. नंबर टाकला की ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोडची पट्टी सरकते, शेवटाला येऊन अडकते, लाल अक्षरांत एरर येते आणि खाली ‘हेल्पलाइन’. ही पट्टी नुसतं चित्र असतं, डाउनलोड काहीच होत नसतं. चौकटीत ‘कखग १२३’ टाकून बघा. तोही प्रिंटर त्यांना सापडतो!

त्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्क, म्हणजे दुरून कॉम्प्युटरचा ताबा देणारं अ‍ॅप, टाकायला लावतो आणि त्यातला कोड मागतो. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (कॉम्प्युटरच्या घडामोडींची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतो, ‘बघा, व्हायरस.’ अशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही ढिगाने असतात. त्यानंतर मुद्द्याचं: ‘तुमचं गुगल क्लाउड प्रिंटचं लायसन्स संपलंय.’ इंटरनेटवरून छपाई करण्याची गुगलची ती सेवा फुकट होती आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर बंदच झाली. आयफोनमधलं एअरप्रिंट किंवा हल्लीच्या अँड्रॉइडमधली प्रिंट सर्व्हिस यांना लायसन्स लागत नाही.

लायसन्सचे पैसे घेऊन हा माणूस कित्येकदा प्रिंटर खरोखर सुरू करून देतो, म्हणून तर संशय येत नाही. मूळ अडचण बहुतेकदा साधी असते: राउटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) मिळालेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत असतो. जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने जोडायचा, पाच मिनिटांचं काम. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापली की पत्ता त्यावर मिळतो. तोच पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला की पुन्हा बदलत नाही. मोबाइल गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) असेल तरी प्रिंटर दिसत नाही, हेही आधी बघावं.

काही दिवसांनी ‘रिफंड’चा फोन येतो, सोबत क्यूआर कोड. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार.

ताबा दिलाच असेल तर आधी इंटरनेट तोडा, एनीडेस्क काढा आणि ईमेल-बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी तक्रार गेली तर ती गोठवता येते. यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो संदर्भ क्रमांक), व्यवहाराची तारीख आणि वेळ हाताशी ठेवूनच फोन लावा, तिथे आधी तेच विचारतात.