०.४५ की ०.५३? एका एअर रायफलमध्ये सात महिने चार डबे

दहा मीटर नेमबाजीसाठी एअर रायफलचं पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, कुठलं घ्यावं, हे क्लबात विचारलं की जो तो आपल्याच डब्याची शपथ घेतो. म्हणून सात महिने रविवार सकाळ रेंजवर घालवली. चार डबे: ०.४५ ग्रॅम, ०.४९ ग्रॅम, आणि ०.५३ ग्रॅमचे दोन, एक ४.४९ मिमी हेडचा, दुसरा ४.५० चा (हेड म्हणजे पेलेटच्या पुढच्या टोकाची जाडी). कंपन्यांची नावं देत नाही, कारण हा निकाल माझ्या बॅरलचा आहे. तुमचं बॅरल वेगळं बोलेल.

पहिले दोन महिने पाण्यात. रायफल पक्की धरणारा क्लॅम्प मी तिच्या हवेच्या सिलिंडरवरच आवळत होतो. ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, कधी आडवा, कधी उभा. शेवटी क्लबातले एक काका म्हणाले, "अहो, सिलिंडर काय आवळताय? स्टॉक धरा." स्टॉक म्हणजे रायफलचा दस्ता. आधीचे सगळे कागद रद्दीत.

डबा बदलला की पहिल्या पंधरा गोळ्या मोजायच्या नाहीत, मग दहा मारायच्या. छिद्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजायचं आणि ४.५ मिमी वजा करायचे.

०.४५ ने गंमत केली. माझी रायफल पेलेटला साधारण ७.५ जूल ऊर्जा देते. हिशोबाने ०.५३ ग्रॅमचं पेलेट सेकंदाला १६८ मीटर जातं, ०.४५ चं १८३. दहा मीटरमध्ये जड पेलेट सतरा मिमी खाली येतं, हलकं पंधरा. म्हणजे सायटला (नेम धरायच्या साधनाला) हात न लावता गोळी दोनेक मिमी वर. एअर रायफलच्या टार्गेटवर एक रिंग अडीच मिमीची, तेव्हा हे जवळपास एक रिंग झालं! मी आधी माझ्याच श्वासाला दोष देत होतो. सायट सुधारल्यावरही ०.४५ चा ग्रुप सैलच. ते मुळात पिस्तुलासाठी बनवलेलं, तक्रार नाही. ०.४९ मधलंच.

खरा फरक पडला तो हेडने. वजन तेच ०.५३, पण ४.४९ वाल्याचे दोन-तीन फटके दर वेळी बाहेर, ४.५० च्या दहाही गोळ्यांचं मिळून एकच भोक, जेमतेम सहा मिमीचं. वजनाचीच शंका म्हणून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वीस पेलेट्स एकेक करून तोलली. "चार-साडेचार गुंजा भरतंय," तो हसत म्हणाला. दोन्ही डब्यांत वजनाचा फरक नगण्य.

पन्नास मीटरवाल्यांना, म्हणजे कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं त्या प्रकारात, हा घोळ कमी. तिथली .२२ ची गोळी बहुधा ४० ग्रेनचीच, ते लॉट (एका खेपेत बनलेला माल) तपासतात.

उभं राहून मारताना मात्र माझा ग्रुप क्लॅम्पच्या तिप्पट, डबा कुठलाही असो. तरी ४.५० चे एकाच लॉटचे दहा डबे घेतले. एक पोराच्या हातून पडला; स्कर्ट (मागची पातळ कड) चेपलेली वेगळी काढून कोऱ्या कागदावर होल्डच्या, म्हणजे रायफल स्थिर धरण्याच्या, सरावाला ठेवलीत.