स्वस्तातला सिरिंज पंप : पाण्याला झकास, पॉलिमरला धकधक

सिरिंज पंप म्हणजे मोटरने सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलून ठरलेल्या वेगाने द्रव सोडणारं यंत्र. सहा महिने वापरून मग लिहितोय, कारण पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो. कंपनीचं नाव घेत नाही. छोटी कंपनी आहे, इंपोर्टेड पंपाच्या साधारण पाव किमतीत मिळतोय म्हटल्यावर आमच्या सरांनी कोटेशनवर लगेच सही केली, आणि डबा उघडल्यावर वाटलं होतं की वा, काय ऐवज मिळालाय. मेटल बॉडी, टचस्क्रीन, आवाज नाही, ६० मिलीपासून १ मिलीपर्यंत कुठलीही सिरिंज बसते.

माझं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर तक्रार कळायची नाही. पीडीएमएस नावाचं पारदर्शक सिलिकॉन रबर असतं, त्यात केसाच्या जाडीची नाली करून खाली काच चिकटवली की झाली मायक्रोफ्लुइडिक चिप. माझ्या चिपमधली नाली ४०० मायक्रॉन रुंद येते आणि एकदम ५० मायक्रॉनवर आवळते, खोली सगळीकडे ५०. त्यातून पीईओ नावाच्या पॉलिमरचं पाण्यातलं ०.३ टक्के द्रावण सोडायचं आणि त्यात टाकलेले चमकणारे १ मायक्रॉनचे मणी मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. आता हे द्रावण पाण्यासारखं वागत नाही आणि मधासारखंही नाही, मध नुसता घट्ट असतो. भेंडी चिरताना जी तार सुटते आणि ताणली की मागे ओढते ना, तसलं काहीतरी. नाली आवळते तिथे पॉलिमरच्या साखळ्या ताणल्या जातात, त्या मागे खेचतात, मग द्रव सरळ आत घुसायच्या ऐवजी दोन्ही कोपऱ्यांत भोवरे धरतो. त्याच फ्लोला पाणी सोडलं तर आवळण्याच्या अलीकडे असलं काही दिसत नाही.

मिनिटाला ३० मायक्रोलिटर सोडले की त्या अरुंद भागात वेग सेकंदाला सुमारे २० सेंटीमीटर होतो आणि शिअर रेट, म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून किती झपाट्याने घसरतात ते, सेकंदाला ८००० च्या आसपास. माझ्या द्रावणाचा रिलॅक्सेशन टाइम, म्हणजे ताणलेल्या साखळ्या पुन्हा सैल व्हायला लागणारा वेळ, साधारण ४ मिलीसेकंद, दोन्हीचा गुणाकार म्हणजे वायसेनबर्ग नंबर ३२ (लवचिकतेचा जोर किती ते सांगणारा), आणि रेनॉल्ड्स नंबर (घट्टपणाच्या तुलनेत जडत्व किती ते सांगणारा) जेमतेम १. म्हणजे जडत्वाचा फार हात नाही, जी काय गडबड चाललीय ती लवचिकतेची. आणि मला नेमकी गडबडच हवी होती. ग्रोइसमन आणि स्टाइनबर्ग यांनी २००० साली साखरेच्या घट्ट पाकात किंचितसं पॉलिमर घालून, रेनॉल्ड्स नंबर अगदी कमी असताना, टर्ब्युलन्ससारखा, म्हणजे खळखळता अस्ताव्यस्त प्रवाह दाखवला होता, तेव्हापासून ही अस्थिरता कधी सुरू होते हे शोधणाऱ्यांच्या रांगेत आम्ही पण.

तर तिसऱ्या आठवड्यात भोवरे हलायला लागले. मोठा, छोटा, मोठा, छोटा, दर दीड-पावणेदोन सेकंदाला, घड्याळ लावल्यासारखं. मी रात्री साडेअकराला सरांना व्हिडिओ पाठवला, दुसऱ्या दिवशी ग्रुप मीटिंगमध्ये दाखवला, सगळे खूश. एका ज्युनिअरने फक्त विचारलं, दादा पाण्याने बघितलं का. नव्हतं बघितलं. बघितलं तर पाण्यात भोवरे नाहीत, पण वाहत्या मण्यांच्या व्हिडिओत उमटणाऱ्या रेषा (वेग जास्त तेवढी रेषा लांब) त्याच ठेक्यावर लांब-आखूड होत होत्या!

मग कागद घेऊन बसलो. मी लावलेल्या १० मिलीच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण १४.५ मिमी, म्हणजे ३० मायक्रोलिटरला दट्ट्या सेकंदाला फक्त ३ मायक्रॉन सरकतो. पंपात १ मिमी पिचचा स्क्रू आणि एका फेऱ्यात २०० स्टेप घेणारी मोटर, म्हणजे एक स्टेप ५ मायक्रॉनची. भागाकार करा, आलं ना ते १.६५ सेकंद. ज्याला मी फ्लुइडचा स्वभाव समजत होतो तो मोटरचा ठोका होता. खात्रीसाठी तोच फ्लो ठेवून १ मिलीची सिरिंज लावली तर हेलकावा गायबच झाला, कारण आता स्टेप सेकंदाला पाचसहा पडतात आणि पीडीएमएस आणि नळीचं रबर फुगून-आकसून ते गिळून टाकतं. फ्लुइडला काय माहीत बाहेर कुठली सिरिंज लावलीय.

कंपनीला फोन केला तर माणूस सज्जन होता, पण उत्तर एकच, सर आम्ही पाण्यावर वजन करून टेस्ट करूनच पाठवतो. ते खोटं नाही हो. मी पण तासभर काट्यावर धरलं, १.८ ग्रॅमच्या जागी १.७९ भरलं. सरासरी चोख आहे, पण मला सरासरी नको, प्रत्येक क्षण हवाय. ब्रोशरमध्ये मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आणखी बारीक तुकडे करणं) लिहिलंय त्याचं काय विचारलं तर फर्मवेअर, म्हणजे पंपाच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट पाठवतो म्हणाले, चार महिने झाले.

घ्यावा का? पीसीआरचं (डीएनएच्या प्रती काढायच्या टेस्टचं) मिक्स भरायला, थेंब पाडायला, चिप धुवायला बिनधास्त घ्या, या किमतीत तक्रारच नाही. पण पॉलिमर, रक्त, म्युकस असलं काही सोडून त्याची हालचाल मोजणार असाल तर चालेल तेवढी छोटी सिरिंज लावा, शक्यतो काचेची, प्लॅस्टिकवाल्याचा रबरी दट्ट्या अडकत-सुटत जातो तो वेगळाच ताप. नळी मऊ घेतली तर ठोके दबतात पण फ्लो बदलला की स्थिर व्हायला कितीतरी मिनिटं जातात, तेवढ्यात चहा होतो. मी सध्या शेजारच्या लॅबमधला प्रेशर कंट्रोलर, म्हणजे दट्ट्याऐवजी हवेच्या दाबाने द्रव ढकलणारं यंत्र, शनिवार-रविवारी उसना आणतो. त्यावर भोवरे परत हलताना दिसलेत, पण जरा जास्त फ्लोला आणि कसल्याही ठेक्याशिवाय, वेडेवाकडे. या वेळी व्हिडिओ पाण्याचा पण काढलाय.

पंपाला तीन स्टार. ज्युनिअरला पाच.