नोकरी सोडताना: कंपनीचं आरोग्य विमा कव्हर वळवायचं की नवी पॉलिसी घ्यायची?

स्वतःचं काम सुरू करणाऱ्या मैत्रिणीला प्रश्न पडलाय: ऑफिसचं ग्रुप कव्हर (कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी मिळून घेतलेला आरोग्य विमा) त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वळवू, की नवीच घेऊ?

सगळ्यात मोठा मुद्दा वेटिंग पीरियडचा, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायच्या काळाचा. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही; आधीपासूनच्या मधुमेह-बीपीसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. वळवलेल्या पॉलिसीत ग्रुपमधली वर्षं या वेटिंगमध्ये धरली जातात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. कव्हर 3 लाखांचं होतं आणि आता 10 लाखांचं घेतलं, तर वरच्या 7 लाखांना वेटिंग नव्याने सुरू. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

प्रीमियम दोन्हीकडे वयाप्रमाणे आणि आपल्याच खिशातून. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही, हा दिलासा दोन्हीकडे सारखा.

निवडीला वाव मात्र नव्या पॉलिसीत जास्त. रूम रेंटची, म्हणजे हॉस्पिटलच्या खोलीच्या भाड्याची, मर्यादा नसलेली शोधा; मर्यादा ओलांडली की नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फीसुद्धा त्या प्रमाणात कापली जाते.

घरात जुनं दुखणं असेल तर राजीनाम्याआधीच एचआरकडून पॉलिसीचे तपशील घ्या आणि वळवा. तिशीत, ठणठणीत असाल तर नवीच घ्या, तीही नोटीस पीरियड सुरू होताच, म्हणजे ते 30 दिवस ऑफिसच्या कव्हरखाली निघून जातील.