परदेशी जाताना फॉरेक्स कार्ड घ्यावे का? पैसे नेण्याच्या साधनांची पारख

व्हिसा लागला, तिकिटे निघाली की बँकेतून फोन येतो: फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवायचे प्रीपेड कार्ड) घ्या, इश्यू फी माफ करतो. टूरवालेही तेच सुचवतात. कार्ड वाईट नाही. पण कुठल्याही देशासाठी, कुठल्याही प्रवाशासाठी हेच योग्य, अशा थाटात ते विकले जाते आणि तिथे गिऱ्हाइकाचे नुकसान होते. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड मिळण्याची सोय आहे त्यांनी मुख्य खर्च झीरो मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर जादा टक्का न लावणाऱ्या) क्रेडिट कार्डावर करावा, एटीएमसाठी वेगळे डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड ठेवावे आणि थोडी रोकड न्यावी. फॉरेक्स कार्डावरच सगळी भिस्त ठेवायची ती डॉलर, युरो, पाउंडाच्या देशांत, तीही भाव पटला तरच.

साधे बँक कार्ड परदेशात स्वाइप केले तर बहुतेक बँका ३.५ टक्के मार्कअप घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४.१३ टक्के. एक लाखाच्या खर्चावर ४,१३० रुपये गेले. ही रक्कम स्टेटमेंटमध्ये दिसते, म्हणून लोक तिच्यावर चिडतात. फॉरेक्स कार्डाची किंमत मात्र दिसत नाही, कारण ती भावातच मुरलेली असते. तुम्ही कार्ड लोड करता त्या क्षणी बँक तिचा स्वतःचा ‘कार्ड रेट’ लावते आणि तो बाजारभावापेक्षा चढा असतो. गणितापुरता युरो १०० रुपये धरा. बँकेने १०२.५० सांगितला तर २.५ टक्के तिथेच गेले. २,००० युरोंवर ५,००० रुपये. वर ‘शून्य शुल्क’ लिहिलेले असतेच.

म्हणून कार्ड घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: आज, आत्ता, जीएसटी धरून मला एक युरो कितीला पडेल? त्याच मिनिटाला मोबाइलवर बाजारातला मधला दर (खरेदी आणि विक्रीच्या भावांच्या मधोमधचा) बघा, फरकाला त्या दराने भागा, शंभराने गुणा. उत्तर १ टक्क्याच्या आत असेल तर भाव चांगला. २ च्या वर गेले तर दुसरीकडे विचारा. बँकेच्या शाखेत आणि मनी चेंजरकडे घासाघीस चालते, हे अनेकांना माहीतच नसते. दुसऱ्याचे लेखी कोटेशन दाखवले की भाव खाली येतो, विशेषतः रक्कम मोठी असेल तर. जीएसटीची भीती बाळगू नका. चलन बदलण्यावर तो पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखाच्या व्यवहारावर १८० रुपये होतात, दोन लाखांवर २७०. कोणी यापेक्षा जास्त ‘टॅक्स’ सांगत असेल तर पावती वाचून घ्या.

दुसरा खड्डा क्रॉस करन्सीचा. मल्टिकरन्सी कार्डावर पंधरा-वीस चलने असली तरी व्हिएतनामचा डोंग किंवा इंडोनेशियाचा रुपिया बहुतेक यादीत नसतो. मग कार्डात डॉलर भरून देतात. तुमचे रुपये आधी डॉलर होतात, तिथे एक फरक गेला. हनोईत जेवणाचे बिल भरताना डॉलरचे डोंग होतात, तिथे बँकेनुसार २ ते ३.५ टक्के आणखी जातात. दोन्ही मिळून साध्या डेबिट कार्डापेक्षाही महाग पडू शकते. चलन यादीत असूनही त्याच्या पाकिटात (कार्डात प्रत्येक चलनाचा वेगळा कप्पा असतो) शिल्लक नसेल तर कार्ड दुसऱ्या पाकिटातून पैसे उचलते आणि तोच आकार लावते. स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: कार्डात फक्त युरो असतील तर फ्रँकमधले प्रत्येक बिल क्रॉस करन्सी ठरते.

तरीही फॉरेक्स कार्डाची बाजू भक्कम आहे ती अशी. भाव लोड करतानाच पक्का होतो, त्यामुळे रुपया घसरला तरी बजेट हलत नाही. कार्ड चोरीला गेले तर तुमच्या बचत खात्याला धक्का लागत नाही, गेलेच तर कार्डातले तेवढे जाते. शिक्षणासाठी निघालेल्या, क्रेडिट कार्ड नसलेल्या मुलांना ते सोयीचे आहे. काही बँका जोडीला बॅकअप कार्ड देतात. ते दुसऱ्या बॅगेत ठेवा. एटीएमवर साधारण २ डॉलर आणि नुसती शिल्लक बघायला अर्धा डॉलर असा आकार अनेक कार्डांवर असतो, म्हणून शिल्लक अ‍ॅपवर बघा.

हॉटेलच्या चेक-इनला आणि भाड्याच्या गाडीला मात्र हे कार्ड देऊ नका. ते अनामत म्हणून रक्कम ब्लॉक करतात. क्रेडिट कार्डावर नुसती मर्यादा अडकते. फॉरेक्स कार्डावर तुमचे स्वतःचे, सहलीसाठी लागणारे पैसे अडकतात आणि सुटायला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. गाडी भाड्याने देणारे बरेच जण प्रीपेड कार्ड घेतच नाहीत.

झीरो मार्कअप कार्डांत आयडीएफसी फर्स्टचे वाव, आरबीएलचे वर्ल्ड सफारी आणि फेडरल बँकेचे स्कॅपिया ही नावे प्रवाशांत चालतात. यांवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवसाचा दर लागतो आणि तो बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. वाव मुदत ठेवीवर मिळते, त्यामुळे पगाराची स्लिप नसलेल्या निवृत्त आई-वडिलांसाठी आम्हाला ते सगळ्यांत उपयोगी वाटते. फी आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी बँकेच्या साइटवरचा शुल्कतक्ता उघडून ‘फॉरेन करन्सी मार्कअप’ ही ओळ स्वतः वाचा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढायची असेल तर आधी तुमच्या कार्डाचा नियम बघा: बहुतेक कार्डांवर काढण्याचे शुल्क लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते.

एकाच कार्डावर विसंबून निघू नका, असे आम्ही बजावून सांगतो त्याला कारण आहे. जानेवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने एसबीएम बँक इंडियाला एलआरएसखालचे (लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे भारतीयांना परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याची मुभा देणारी योजना) सगळे व्यवहार तातडीने थांबवायला सांगितले. असा आदेश आला की त्या बँकेचे डेबिट कार्ड परदेशात खिशात असून नसल्यासारखे होते; ग्राहकाची काही चूक नसते. म्हणून दोन वेगळ्या बँकांची कार्डे हवीत, जमल्यास एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. देशांतर्गत वापराचे साधे रुपे कार्ड यात धरू नका.

निघण्याआधी अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. २०२० पासून कार्डे हा वापर बंद ठेवूनच येतात, आणि दुकान, एटीएम, ऑनलाइन, टॅप यांची बटणे वेगवेगळी असतात. लोक दुकानाचे चालू करतात, एटीएमचे राहते, आणि विमानतळावर उतरल्यावर ‘डिक्लाइन’ येते. ऑनलाइनचे बटण बंदच ठेवा, कारण परदेशी साइटवर ओटीपीशिवाय पैसे जाऊ शकतात.

आता सगळ्यांत जास्त पैसे जिथे विनाकारण जातात ती जागा. मशिनच्या पडद्यावर प्रश्न येतो: रुपयांत भरणार की स्थानिक चलनात? रुपये बघून हायसे वाटते आणि बोट तिकडेच जाते. याला डीसीसी (डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन) म्हणतात. रुपयांचा भाव मग तुमची बँक नाही, समोरचा दुकानदार आणि त्याची मशिनवाली कंपनी ठरवते, तोही कित्येक टक्के चढा. वर अनेक भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर १ टक्क्याच्या आसपास वेगळे शुल्क लावतात. झीरो मार्कअप कार्डाचा सगळा फायदा या एका बटणाने जातो. दुकानात काउंटरवाला कधी कधी न विचारताच रुपये निवडतो, म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावर कोणते चलन आहे ते वाचा. स्लिपवर रुपये दिसले तर तिथेच व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. नंतर भारतात येऊन तक्रार केली तर सहसा काही हाती लागत नाही.

एटीएमवर हा प्रश्न जास्त फसवा असतो. कार्ड टाका, भाषा निवडा, खात्याचा प्रकार निवडा. ‘सेव्हिंग्ज’ने नाकारले तर ‘चेकिंग’ किंवा ‘क्रेडिट’ वापरून बघा; फॉरेक्स कार्डाला हे बरेचदा लागते. रक्कम टाकल्यावर यंत्राचे शुल्क दिसते, आणि त्यानंतर रुपयांतला आकडा व ‘रूपांतर स्वीकारा’, ‘रूपांतर नाकारा’ अशी दोन बटणे. नाकारा. व्यवहार रद्द होईल या भीतीने लोक स्वीकारतात. तो रद्द होत नाही, पैसे येतात आणि भाव तुमच्या कार्डाचा लागतो. युरोपात पर्यटकांच्या चौकात दिसणारी युरोनेटची निळी-पिवळी यंत्रे टाळून एखाद्या बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम शोधा. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी निदान २२० बाट लागतात. २,००० बाट काढले तर हे ११ टक्के झाले, २०,००० काढले तर १.१ टक्का. म्हणजे तिथे थोडे थोडे काढणे चुकीचे. जपानात सेव्हन-इलेव्हन दुकानांतली यंत्रे भारतीय कार्डे बिनबोभाट घेतात.

रोकड किती? नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येते, बाकी कार्डात. परकीय चलन प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंत घेता येते आणि ५० हजारांच्या वर रुपये रोख देता येत नाहीत. ग्रुप टूरला जाणाऱ्यांनी गाइड आणि ड्रायव्हरची टिप, ऑप्शनल सहली यांचा आकडा आधी टूरवाल्याकडून लेखी घ्यावा, कारण हे पैसे बरेचदा रोखीतच द्यावे लागतात. बँकॉकला डॉलर नेत असाल तर १०० च्या कोऱ्या, मोठ्या चेहऱ्याच्या नोटा मागून घ्या. २० आणि १० च्या नोटांना तिथे भाव कमी मिळतो. पेनाची रेघ, शिक्का किंवा फाटकी कड असलेली नोट परतही करतात. सुवर्णभूमी विमानतळावर आगमनाच्या मजल्यावर पैसे बदलू नका. खाली तळमजल्याखाली, रेल्वे स्टेशनकडे जाताना सुपररिच आणि इतर काउंटर आहेत. भावातला फरक फलकावरच दिसतो. पासपोर्ट मूळ लागतो.

यूपीआयबद्दल लोकांच्या अपेक्षा फार वाढल्या आहेत. भूतान, नेपाळ, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका इथे ठरावीक दुकानांत ते चालते. पॅरिसला आयफेल टॉवरच्या तिकिटालाही. पण सिंगापूरच्या पेनाउशी (तिथली यूपीआयसारखी व्यवस्था) २०२३ मध्ये झालेली जोडणी एका माणसाकडून दुसऱ्याकडे पैसे पाठवण्यासाठी आहे, दुकानातला क्यूआर हा निराळा विषय. बँकॉकच्या गाड्यावरचा क्यूआर स्कॅन होईल अशा भरवशावर राहू नका. अ‍ॅपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल निघण्याआधी चालू करा आणि पिन टाकण्याआधी दाखवलेली रुपयांतली रक्कम तपासा, त्यात बँकेचा मार्कअप धरलेला असतो.

टीसीएसचा (पैसे घेतानाच बँक कापून घेते तो आगाऊ कर) घोळ थोडक्यात: एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या एलआरएस रकमेवर तो लागत नाही. सहलीसाठी त्यापुढच्या रकमेवर २० टक्के कापतात आणि रिटर्न भरताना त्याचे क्रेडिट मिळते. फॉरेक्स कार्डाचे लोडिंग आणि डेबिट कार्डाचा परदेशातला खर्च यात मोजला जातो, तिथे स्वाइप केलेले क्रेडिट कार्ड नाही.

परतल्यावर कार्डातली शिल्लक तशीच पडू देऊ नका; काही कार्डांवर वापर नसेल तर ठरावीक मुदतीने आकार कापला जातो. उरलेले चलन १८० दिवसांत परत द्यायचे असते, २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतात. परत देताना बँकेचा खरेदीचा भाव लागतो, तो तुम्ही घेतलेल्या भावापेक्षा बराच खाली असतो. म्हणून लोड करताना अंदाजाच्या थोडे खालीच राहा. कमी पडले तर बहुतेक बँकांच्या नेटबँकिंगवरून परदेशात बसूनही रिलोड होते, फक्त ती सोय तुमच्या खात्याला सुरू आहे का हे निघण्याआधी शाखेत विचारून घ्या.