डार्कटेबल आणि टाकीतले कोरल: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. काचेपलीकडे हिरवे-केशरी झोअँथस (एक प्रकारचे कोरल) छान फुललेले असतात, फोटो काढावा तर सगळं निळंशार. गेल्या हिवाळ्यापासून न्यू जर्सीतल्या माझ्या टाकीचे सगळे फोटो मी डार्कटेबलमध्येच सुधारतो आहे. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आता त्याच्याबद्दल मोकळेपणाने लिहिण्याइतका वापर झाला आहे.

आधी निळेपणाचं मूळ सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. रीफच्या, म्हणजे कोरलच्या टाकीच्या, एलईडी दिव्यांचा बराचसा प्रकाश ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरचा निळा चॅनल (निळ्या रंगाची नोंद) तुडुंब भरतो आणि लाल चॅनलमध्ये जेमतेम काहीतरी पोचतं. त्यातून कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवण्याचा) आकडा बहुतेक वेळा १०,००० केल्विनपाशी थांबतो, आणि टाकीचा प्रकाश त्याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणून फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या फाइलमध्येच, हवा. जेपीईजीत लाल रंग एकदा गेला की कोणतंही सॉफ्टवेअर तो परत आणत नाही.

डार्कटेबलमधली मला सगळ्यात मोलाची वाटलेली सोय रंगांची नाहीच. रॉमध्ये कोणता चॅनल फुटला आहे (मर्यादेपलीकडे भरला आहे) ते दाखवणारं एक बटण फोटोच्या खालच्या पट्टीत आहे. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) म्हणतो फोटो काळोखा आहे, आणि हे बटण दाबलं की टॉर्च कोरलच्या टोकांवर निळे ठिपके उमटतात. म्हणजे तिथला निळा चॅनल केव्हाच भरून गेलेला असतो आणि त्या टोकांवरचा बारकावा संपलेला असतो. हे दिसायला लागल्यापासून मी एक्सपोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) निळ्या चॅनलवरून ठरवतो. फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंधारा दिसतो, दिसू दे. लाल चॅनल उचलला की त्यात दाणे येतात, पण डीनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल (डार्कटेबलमधलं एकेक काम करणारं साधन) ते बऱ्यापैकी आवरतं. फुटलेल्या निळ्याला मात्र इलाज नाही.

आता व्हाइट बॅलन्स. डार्कटेबल मूळ मांडणीत हे काम कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलकडे सोपवतं. हे मॉड्यूल डिसेंबर २०२० च्या ३.४ आवृत्तीत आलं आणि साध्या फोटोंसाठी उत्तम आहे. पण त्याचं गणित दिवसाच्या उजेडाच्या आसपासच्या प्रकाशावर बेतलेलं आहे, शुद्ध निळ्या एलईडीखाली ते गोंधळतं. टाकीच्या फोटोंसाठी मी त्यातलं अ‍ॅडॅप्टेशन (प्रकाशानुसार रंग जुळवणं) बंद ठेवतो आणि जुन्या व्हाइट बॅलन्स मॉड्यूलमध्ये फोटोतल्याच एका पांढऱ्या जागेवरून माप घेतो.

ती पांढरी जागा कोणती, यावर सगळा खेळ आहे. कागद चालत नाही. कागदात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं जांभळ्या प्रकाशात स्वतःच निळसर चमकतात आणि माप चुकवतात. वाळूवर शेवाळ असतं, फ्रॅगच्या (कोरलच्या कापलेल्या तुकड्याच्या) बुडख्यावर गुलाबी कोरलाइन शेवाळ चढलेलं असतं. मी नळाच्या जोडाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप एका प्लास्टिकच्या पट्टीवर गुंडाळून कोरलशेजारी धरतो आणि एक फोटो काढतो. टेफ्लॉन चमकत नाही, पाण्यात विरघळत नाही. त्या एका फोटोवरून घेतलेलं माप स्टाइल (पुन्हा लावता येणारा सेटिंगचा संच) म्हणून साठवलं, की त्या बैठकीतले बाकीचे फोटो एका क्लिकमध्ये जागेवर येतात. दिव्याचं वेळापत्रक बदललं तर नवं माप घ्यायचं.

यानंतरही जांभळ्या टोकाची अ‍ॅक्रोपोरा (हेही एक कोरल) निळीच दिसते. त्यासाठी ४.६ मध्ये आलेलं आरजीबी प्रायमरीज मॉड्यूल वापरा. निळ्याची शुद्धता थोडी कमी करून त्याची छटा किंचित फिरवली की जांभळा आणि निळा वेगळे होतात. सिग्मॉइड या उजेड-अंधार बसवणाऱ्या मॉड्यूलमधला प्रिझर्व्ह ह्यू स्लायडरही हलवून पाहा, उजळ भागांतले रंग त्याने बरेच बदलतात.

पण थांबायचं कुठे? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. कोरलचा हिरवा-केशरी झगमगाट त्याच्या अंगातल्या प्रथिनांमुळे असतो. ती निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत टाकतात. मशरूम कोरलमधलं, म्हणजे डिस्कोसोमातलं लाल प्रथिन १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळं केलं आणि आज ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं. निळा पूर्ण पुसला तर फक्त हा झगमगाट उरतो आणि उघड्या डोळ्यांना कधीच न दिसणारा फोटो तयार होतो. विक्रीच्या जाहिरातींत असे फोटो सर्रास असतात आणि नवा माणूस त्यावर पैसे घालवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी फोटोत थोडा निळा मुद्दाम ठेवतो. रंग ठरवताना लॅपटॉप टाकीपाशी नसावा. डोळा निळ्याला सरावलेला असतो, पडदा पिवळा वाटतो आणि हात आपोआप निळा वाढवतो. टाकी नीट न्याहाळायची, दुसऱ्या खोलीत जायचं, पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, मग स्लायडरला हात लावायचा.

मालवणला स्नॉर्केलिंग करणारे मित्र माझ्या स्टाइल मागतात. त्यांना त्या उपयोगाच्या नाहीत. समुद्रात पाणीच लाल प्रकाश गिळतं आणि खोलीगणिक फरक पडतो, शिवाय किनाऱ्याजवळचं पाणी हिरवट असतं. तिथे दर फोटोला वेगळं माप लागतं. आणि भारतात दगडी कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरच्या टाकीसाठी आणायचे नसतात, फोटोच काढायचे.

डार्कटेबल शिकायला वेळ लागतो. मॉड्यूलांची गर्दी पाहून पहिल्या आठवड्यात कंटाळा येईल. वर सांगितलेली पाच-सहा फेव्हरिटमध्ये टाका, बाकीची सध्या विसरा. जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्स कार्ड नसेल तर डीनॉइज शेवटी लावा, नाहीतर प्रत्येक स्लायडरमागे वाट पाहत बसाल. फोनवरून फोटो काढणाऱ्यांनी रॉ देणारं कॅमेरा अ‍ॅप घ्यावं आणि लेन्ससमोर केशरी फिल्टर लावावा. निळा सेन्सरपर्यंत पोचायच्या आधीच अडला, तर सॉफ्टवेअरचं निम्मं काम वाचतं.