कंपनीचं सक्षमता प्रमाणपत्र की रविवारच्या ठेकेदारामार्फत नवं?

पुण्यात घोरपडीकडे रेल्वे रुळाशेजारी रविवारी पोकलेन चालवायचं वरकाम मिळालं, की खिशातलं, कंपनीच्या कामासाठी मिळालेलं सक्षमता प्रमाणपत्र (रुळाजवळ यंत्र चालवायचा रेल्वेचा दाखला) दाखवून भागेल असं वाटतं. भागत नाही. रेल्वेचा सहायक अभियंता ते ज्या कामासाठी देतो, त्या कामापुरतंच ते चालतं. अपघात झाला तर मूळ मालक म्हणणार, ‘माणूस आमच्या कामावर नव्हता’. रविवारचा ठेकेदार तर ओळखही दाखवणार नाही.

नवं काढायला वेळ जातो, एखादा खाडाही पडतो. पण ते काढताना जागा नीट कळते: रुळांच्या मध्यापासून 3.5 मीटरवर चुन्याची रेघ, ब्लॉकशिवाय (म्हणजे रेल्वेनं त्या रुळावरच्या गाड्या ठरल्या वेळेपुरत्या थांबवल्याशिवाय) पोकलेनचा बूम, म्हणजे लांब हातसुद्धा तिच्या आत फिरवायचा नाही. वर 25 केव्हीची, म्हणजे 25 हजार व्होल्टची विजेची तार, तिच्यापासून 2 मीटर लांब राहायचं. नवंच काढा. आणि मस्टरवर नाव चढलंय का, ते आधी बघा.